सगळं जोडलेलं, तरी बोर्ड मधूनच चुकतो? परतीच्या करंटची वाट तपासा

लक्षणं

सर्किट बोर्ड चालू होतो, प्रोग्राम लोड होतो, टेबलावर बराच वेळ नीट चालतो आणि मग काहीतरी विचित्र होतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा बोर्डांच्या तक्रारी शब्द बदलून त्याच असतात:

– एसपीआयवरची (चिपांना जोडणाऱ्या क्लॉक-डेटाच्या ओळींवरची) मेमरी किंवा डिस्प्ले मधूनच चुकतो. तोच डेटा पुन्हा वाचला की बरोबर येतो.
– काउंटर एका पल्सला दोन मोजतो.
– स्क्रीन रंगवली जात असताना एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाचे) आकडे उड्या मारतात, स्क्रीन स्थिर झाली की शांत होतात.
– बाहेरची केबल जोडली की रीसेट होतो, काढली की सगळं ठीक.
– चूक डेटा बघून होते. आठही बिट एकदम ० वरून १ वर गेले की घोटाळा, एकेक बदलले तर काही नाही.
– हात जवळ नेला की वागणं बदलतं. ऑसिलोस्कोपचा (स्कोपचा) प्रोब लावला की चूक गायब, काढला की परत हजर.
– रेडिओ लहरींच्या उत्सर्जनाच्या चाचणीत क्लॉकच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींवर टोकं दिसतात.
– डिझाइन जुनं, वर्षानुवर्षं चाललेलं, एक ट्रेसही (बोर्डावरची तांब्याची रेघ) हललेला नाही; पण चिपचा नवा लॉट आला आणि बोर्ड नापास व्हायला लागले.

यातलं एखादं लक्षण एकटं असेल तर कारण वेगळंही असू शकतं. सप्लाय कमी पडत असेल, सोल्डर कच्चा असेल, फर्मवेअरमध्ये घोळ असेल. पण दोन-तीन एकत्र दिसली आणि मल्टिमीटर मात्र ‘सगळं जोडलेलं आहे’ म्हणत असेल, तर मी सरळ ग्राउंडच्या लेअरकडे, म्हणजे परतीचा करंट वाहणाऱ्या तांब्याच्या थराकडे, वळतो. बहुतेक वेळा एखाद्या वेगवान ट्रेसच्या खालचं तांबं कुठेतरी तुटलेलं असतं.

असं का होतं

सर्किटच्या नकाशात ग्राउंडचं चिन्ह फार सोयीचं आहे. ते काढलं की परतीचा विचार संपतो. पण चिपमधून जेवढा करंट बाहेर पडतो तेवढाच तिला परत हवा असतो. प्रत्येक सिग्नलला दोन तारा लागतात. त्यातली एकच आपण काढतो, दुसरी तांब्याच्या पत्र्यात कुठेतरी आपोआप तयार होते. ती कुठे तयार होते हे न पाहिल्यामुळेच वरची सगळी यादी जन्माला येते.

डीसी करंट परत येताना सगळीकडे पसरून येतो, जिथे रेझिस्टन्स कमी तिथे जास्त. फ्रिक्वेन्सी वाढली की रेझिस्टन्सचं महत्त्व कमी होतं आणि इंडक्टन्सचं (करंट बदलायला होणाऱ्या विरोधाचं) राज्य सुरू होतं. जाणारी आणि येणारी वाट मिळून जो फेरा होतो, त्याचं क्षेत्रफळ जितकं कमी तितका इंडक्टन्स कमी. म्हणून करंट ट्रेसच्या अगदी खालून, त्याच्या प्रत्येक वळणासोबत वळत परत येतो. हा बदल एका ठरावीक आकड्याला होत नाही. काही दहा किलोहर्ट्झपासून तो दिसायला लागतो आणि १ मेगाहर्ट्झच्या पुढे जवळपास पूर्ण झालेला असतो.

किती खालून? ट्रेस आणि प्लेन (ग्राउंड किंवा पॉवरचा तांब्याचा सलग पत्रा) यांच्यातलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल, तर ट्रेसच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटरच्या पट्ट्यात निम्मा करंट असतो आणि ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्यात साधारण ८० टक्के. दोन लेअरच्या १.६ मिलिमीटर जाड बोर्डावर हेच अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ८० टक्क्यांसाठी दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर जागा लागते. म्हणजे तिथे शेजारच्या तीन-चार ट्रेसचे परतीचे करंट एकमेकांच्या अंगावरूनच जातात. दोन लेअरचे बोर्ड जास्त कुरकुरतात ते यामुळेही.

आता खालच्या तांब्यात आडवी खाच आहे असं धरा. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यावर पलीकडचं घर समोर दिसत असूनही पुढच्या पुलापर्यंत चालत जावं लागतं, तसा करंट खाचेच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, पुन्हा ट्रेसखाली येतो. वीसेक मिलिमीटर लांब खाच मध्यावर ओलांडली की ढोबळ मानाने १० ते २० नॅनोहेन्री इंडक्टन्स वाढतो. आकडा किरकोळ वाटतो. पण १ नॅनोसेकंदात २० मिलिअँपिअर बदलले तर १५ नॅनोहेन्रीवर ०.३ व्होल्ट उभे राहतात. आठ ट्रेस हीच खाच ओलांडत असतील तर आठांचे करंट त्याच वळशावर जमतात आणि एकाचा धक्का बाकीच्या सातांना बसतो. ‘सगळे बिट एकदम बदलले की चूक’ याचं उत्तर इथे आहे.

शिवाय खाचेच्या दोन बाजूंना ग्राउंडचेच दोन तुकडे वेगवेगळ्या व्होल्टेजवर हलायला लागतात. एका तुकड्याला एक केबल, दुसऱ्याला दुसरी असेल, तर दोन्ही मिळून नामी अँटेना तयार होते. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास एक मीटर केबलमधून एकाच दिशेने वाहणारे जेमतेम ५ मायक्रोअँपिअर घरगुती उपकरणांच्या उत्सर्जनाची मर्यादा गाठायला पुरतात. मिलि नाही, मायक्रो.

‘माझा क्लॉक ८ मेगाहर्ट्झचाच आहे’ हे वाक्य मी फार ऐकतो. क्लॉक किती वेळा वर-खाली होतो याला इथे महत्त्व नाही. तो किती झटक्यात वर जातो याला आहे. ०.३५ ला राइज टाइमने (खालून वर जायला लागणाऱ्या वेळेने) भागा: १ नॅनोसेकंदाची कड, म्हणजे ० ते १ ही उडी, तर तिच्यात ३५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी असतात. सेकंदाला एकदाच हलणाऱ्या पिनेची कडही तेवढीच तीव्र असू शकते. आणि नव्या लॉटचं कोडं इथेच सुटतं. उत्पादकाने आतली सिलिकॉनची चकती लहान केली की कडा आपोआप वेगवान होतात. बहुतेक डेटाशीटमध्ये राइज टाइम जास्तीत जास्त किती हे दिलेलं असतं, कमीत कमी किती हे नाही. त्यामुळे पार्ट नंबर तोच राहतो, कुणी नियम मोडलेला नसतो आणि तुमचा बोर्ड मात्र मोडतो.

तपासणी १: तुमचा प्रोबच खोटं बोलत नाही ना?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी तपासणी. प्रोबची ती लांब, मगरीच्या तोंडाची ग्राउंड वायर साधारण १०० नॅनोहेन्रीची असते. प्रोबच्या टोकाची कपॅसिटन्स १० पिकोफॅरड धरली तर दोघं मिळून १६० मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखे वाजतात, म्हणजे लहर उठवतात. कडेवर तेवढ्या फ्रिक्वेन्सीची लहर दिसली की ती बोर्डाची नसून प्रोबची असण्याची शक्यता दाट. म्हणजे परतीची वाट लांब झाल्यावर काय होतं याचा नमुना तुमच्या हातातच आहे.

वायर काढा, प्रोबसोबत येणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा, चिपच्या पिनेशेजारच्या ग्राउंडवर टेकवा आणि पुन्हा बघा. लहर गेली तर आनंद आहे. राहिली तर आणखी एक करा: प्रोबचं टोक आणि त्याचं ग्राउंड दोन्ही बोर्डाच्या एकाच ग्राउंड बिंदूवर टेकवा. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी. त्याजागी काटे दिसले तर ते मोजमापाचे आहेत. प्रोब आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय किंवा त्याच्या केबलमधून करंट वाहतोय. हे कळल्याशिवाय पुढचं एकही निरीक्षण वहीत लिहू नका.

तपासणी २: फर्मवेअरमधून कडा मवाळ करा

बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये पिनेची ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिन किती जोरात वर-खाली होते ते) किंवा स्पीड निवडण्याची सोय असते. उदाहरणादाखलचा कोड उचलला की ती बहुधा सर्वात वरच्या पायरीवर ठेवलेली असते. ती सर्वात खाली आणा. लक्षण कमी झालं तर रोग कडांशी निगडित आहे हे नक्की.

मग ती पायरी परत वर नेऊन वेगळा प्रयोग करा: क्लॉकची फ्रिक्वेन्सी निम्मी करा. हे दोन प्रयोग एकच आहेत असं समजू नका. क्लॉक मंद केल्याने कडा बदलत नाहीत. डेटा वाचला जाण्याआधी लहर विरायला जास्त वेळ मिळतो, एवढंच. म्हणून क्लॉक मंद केल्यावर चूक गेली तर संशय डेटाच्या ओळींवर किंवा टायमिंगवर घ्या. कितीही मंद केला तरी चूक तशीच राहिली, तर क्लॉकच्या ओळीकडेच बघा: तिची एक कड दोनदा वर-खाली होते आणि समोरची चिप दोन पल्स मोजते. क्लॉकला विरायला वेळ देऊन उपयोग नसतो, कारण समोरची चिप प्रत्येक कडेवर लगेच कृती करते.

चिपच्या बाहेर पडणाऱ्या पिनेजवळ रेझिस्टरची जागा ठेवलेली असेल तर तिथे २२ किंवा ३३ ओहम लावून बघा. कधी कधी एवढ्यावर बोर्ड सुधारतो आणि माल पाठवायचा असतो. पाठवा, हरकत नाही. पण खालचं तांबं अजून तुटलेलंच आहे, हे पुढच्या आवृत्तीच्या यादीत लिहून ठेवा.

तपासणी ३: केबल आणि कनेक्टर

सगळ्या केबल काढा आणि एकेक करून जोडा. कोणत्या केबलला बोर्ड बिथरतो ते कळलं की तिच्यावर कनेक्टरजवळ फेराइटची क्लिप लावा. क्लिप फक्त त्या करंटला अडवते जो केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जातो. तिने फरक पडला, तर परतीचा काही भाग केबलच्या बाहेरून, म्हणजे सप्लाय, दुसरी केबल किंवा चक्क टेबलावरून फिरून येतोय.

मग कनेक्टरच्या पिना मोजा. दहा सिग्नल आणि एका टोकाला एक ग्राउंड ही मांडणी मला सतत दिसते. दहाही सिग्नलांचा परतीचा करंट त्या एका तारेतून येतो आणि सर्वात लांबच्या पिनेचा फेरा सर्वात मोठा होतो. जुन्या संगणकांतली हार्ड डिस्कची चपटी केबल आठवते? कनेक्टर ४० पिनांचाच राहिला, पण सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या पुढचे अल्ट्रा डीएमए (डिस्कचा डेटा नेण्याची पद्धत) वेग आले तेव्हा तारा ४० वरून ८० कराव्या लागल्या. वाढीव चाळीसच्या चाळीस तारा ग्राउंडच्या होत्या, प्रत्येक सिग्नलच्या शेजारी एक. नवा सिग्नल एकही नाही. फक्त परतीची वाट जवळ आणली.

तुमच्या कनेक्टरवर रिकाम्या पिना असतील तर त्यांना ग्राउंड करा आणि क्लॉकच्या शेजारी आणा. दोन बोर्डांमध्ये सुट्या जंपर वायर असतील तर क्लॉकच्या वायरीभोवती स्वतंत्र ग्राउंड वायर पिळून दोन्ही टोकांना जोडा. हा प्रयोग इतका स्वस्त आहे की तो न करता मदत मागायला येणाऱ्यांना मी आधी परत पाठवतो.

तपासणी ४: प्लेनचा लेअर एकटा उघडून बघा

हा या सगळ्या कामाचा गाभा. निम्म्याहून जास्त बोर्डांचं निदान मला इथेच मिळतं, आणि यालाही पैसे लागत नाहीत. डोळे आणि चिकाटी लागते.

गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला दिलेला प्रत्येक लेअरचा नकाशा) बघण्याच्या प्रोग्राममध्ये बाकी सगळे लेअर बंद करा, फक्त ग्राउंडचा लेअर ठेवा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नको, गर्बरमध्येच. कारण ओतलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरने मोकळ्या जागेत भरलेलं, तांबं प्रत्यक्षात कुठे पोचलंय हे तिथे खरं दिसतं. मग वेगवान ट्रेसची यादी करा: क्लॉक, यूएसबी, मेमरीच्या ओळी, रीसेट, स्विचिंग रेग्युलेटरची जोडणी. त्यातला एकेक ट्रेस प्लेनवर चढवा आणि बोट ठेवून शेवटच्या टोकापासून चिपपर्यंत उलटं या. बोटाखालचं तांबं कुठे संपतं?

डिझाइन रूल चेकने (सॉफ्टवेअरच्या नियमतपासणीने) यातलं काही सांगितलेलं नसणार. या बाबतीत त्याला नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट) जोडलेलं आहे की नाही एवढंच कळतं. मल्टिमीटरलाही तेवढंच: तो डीसीने मोजतो आणि डीसीला लांबून यायला काहीच त्रास नसतो.

कनेक्टर किंवा चिपखाली व्हायांची (लेअर जोडणाऱ्या, तांबं चढवलेल्या भोकांची) ओळ असते. प्रत्येक व्हायाभोवती प्लेनमध्ये मोकळं वर्तुळ सोडलेलं असतं. ती वर्तुळं मोठी आणि व्हाया जवळजवळ असतील तर ती एकमेकांत मिसळतात आणि कुणीही न काढलेली लांब खाच तयार होते. तिच्यावरून जाणारे ट्रेस वरून बघितले तर अगदी देखणे असतात. उपाय सोपा: वर्तुळ लहान करा किंवा व्हाया इतक्या लांब ठेवा की दोघांमधून तांब्याची पट्टी जाईल.

दुसरा प्रकार म्हणजे ‘जागा नव्हती म्हणून’ प्लेनच्याच लेअरवरून काढलेला ट्रेस. दोन लेअरच्या बोर्डावर हे अटळ असतं, तेव्हा तो तुकडा जमेल तितका आखूड ठेवा आणि क्लॉकला त्याच्यावरून नेऊ नका. चार लेअरच्या बोर्डावर मात्र याला माझ्याकडे माफी नाही.

तिसरा प्रकार मुद्दाम केलेला असतो: अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड असे दोन तुकडे, मध्ये खंदक आणि एका बिंदूवर जोड. कल्पना चांगल्या हेतूची आहे. पण एडीसीच्या डिजिटल ओळी त्या खंदकावरून जोडापासून दूर कुठेतरी जातात आणि जो आवाज (नॉइज) बाहेर ठेवायचा होता तोच परतीच्या वाटेने अ‍ॅनालॉग भागात फिरून येतो. स्क्रीन रंगवताना आकडे उड्या मारतात ते असे. माझा कल स्पष्ट आहे: एकच अखंड प्लेन ठेवा, भाग वाटून ठेवा ते वरच्या मांडणीत. अ‍ॅनालॉगचे घटक एका बाजूला, डिजिटलचे दुसऱ्या, एडीसी सीमेवर, आणि कुठलाही डिजिटल ट्रेस अ‍ॅनालॉगच्या हद्दीत जाऊ द्यायचा नाही. वेगवान करंट आपापल्या ट्रेसखालीच राहतो, त्याला कुंपण लागत नाही. चिपच्या पिनेवर ‘डिजिटल ग्राउंड’ लिहिलेलं असतं ते चिपच्या आत ती कुठल्या भागाला जोडली आहे हे सांगायला. एडीसीच्या त्या आणि अ‍ॅनालॉग ग्राउंडच्या पिना सहसा दोन्ही चिपखालच्या त्याच प्लेनला, जवळून, जोडायच्या असतात.

याला अपवाद आहे आणि तो मोटर चालवणाऱ्यांनी नीट वाचावा. कमी फ्रिक्वेन्सीचा मोठा करंट ट्रेसखाली राहत नाही, तो पसरतो. ३५ मायक्रोमीटर जाडीच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा रेझिस्टन्स अर्धा मिलिओहम असतो, तुकडा केवढाही घ्या. त्यातून २ अँपिअर गेले की १ मिलिव्होल्ट. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या १६ बिट एडीसीसाठी हे २० पायऱ्या झाल्या. इथे खाच कधी उपयोगी पडते, पण त्याआधी सप्लायचा कनेक्टर आणि मोटर ड्रायव्हर एकमेकांजवळ आणा म्हणजे तो करंट सेन्सरच्या बाजूला फिरकणारच नाही.

वरच्या लेअरवर ओतलेल्या तांब्याचे एका बारीक मानेने लोंबकळणारे तुकडे आणि बोर्डाच्या अगदी काठावरून नेलेला क्लॉक, हेही याच फेरीत बघून घ्या. तुकड्याला व्हाया मारा किंवा तो काढून टाका. क्लॉक आत घ्या.

तपासणी ५: लेअर बदलताना परतीचा करंट कुठे गेला?

प्लेन अखंड आहे, खाच नाही, तरी त्रास आहे. आता व्हाया बघा.

सिग्नल पहिल्या लेअरवरून चौथ्यावर उतरतो तेव्हा परतीच्या करंटलाही एका प्लेनवरून दुसऱ्यावर जावं लागतं. तो तांब्यातून आरपार जात नाही. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागाच्या साधारण ६.६ मायक्रोमीटर खोलीतच मावतो आणि प्लेन असतं ३५ मायक्रोमीटर किंवा निम्म्या जाडीचं. म्हणजे करंटच्या दृष्टीने प्लेनची वरची आणि खालची बाजू हे दोन वेगळे पत्रे आहेत.

दोन्ही प्लेन ग्राउंडचे असतील तर सिग्नलच्या व्हायापासून १-२ मिलिमीटरवर एक ग्राउंड व्हाया द्या, विषय संपला. पण चार लेअरचा नेहमीचा बोर्ड म्हणजे सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल. चौथ्या लेअरवरच्या ट्रेसचा परतीचा करंट पॉवरच्या प्लेनमध्ये असतो, त्याला ग्राउंडवर यायला कपॅसिटर लागतो. दोन्ही प्लेनमधली नैसर्गिक कपॅसिटन्स भरवशाची नाही: मधलं अंतर १ मिलिमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला फक्त ४ पिकोफॅरडच्या आसपास. म्हणून जवळच १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लागतो, आणि तोही काही आदर्श नाही. जोडणीसकट त्याचा इंडक्टन्स १ नॅनोहेन्री धरला तरी १६ मेगाहर्ट्झच्या पुढे तो इंडक्टरसारखा वागतो. वाट नसण्यापेक्षा बरा, ग्राउंड व्हायापेक्षा वाईट. पॉवरचा प्लेन ३.३ आणि ५ व्होल्टच्या तुकड्यांत कापलेला असेल आणि चौथ्या लेअरवरचा क्लॉक त्या कापावरून जात असेल, तर खाचेचं सगळं पुराण पुन्हा लागू होतं. ग्राउंडचा लेअर तपासून समाधान मानणारे इथे अडकतात.

आणि हो, डिफरन्शियल जोडीला (एकमेकांच्या उलट हलणाऱ्या दोन ट्रेसना) ‘दोघं एकमेकांचा परतीचा करंट वाहतात, प्लेनची गरज नाही’ असं म्हटलं जातं. बोर्डावर सहसा दोन्ही ट्रेस एकमेकांपेक्षा खालच्या प्लेनशी जास्त घट्ट बांधलेले असतात. यूएसबीची जोडी खाचेवरून नेऊ नका.

तपासणी ६: तात्पुरता पूल बांधा आणि सिद्ध करा

नवीन बोर्ड बनवण्याआधी संशय खरा ठरवा. खाच बाहेरच्या लेअरवर असेल तर दोन्ही काठांचा सोल्डर मास्क (तांब्यावरचा रंगीत थर) खरवडा आणि ट्रेस जिथे ओलांडतो तिथेच तांब्याची पट्टी दोन्हीकडे सोल्डर करा. नुसती चिकटवू नका, टेपच्या गोंदावर विसंबून चालत नाही. लांबच्या टोकाला वायर जोडण्यात अर्थ नाही. नवा वळसा जुन्याइतकाच.

प्लेन आतल्या लेअरवर असेल तर ट्रेसच्या वर पॉलिइमाइड (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या) टेपचा थर द्या, त्यावर तांब्याची पट्टी ठेवा आणि तिची दोन्ही टोकं खाचेच्या अलीकडच्या-पलीकडच्या ग्राउंड व्हायांना सोल्डर करा. करंटला खालून वाट नाही मिळाली तर वरून मिळते. दिसायला ओबडधोबड, पण लक्षण गेलं की पुरावा हातात आला.

यात एक कडक अट आहे. प्रत्येक खाच चूक नसते. मेन्सच्या (भिंतीतल्या वीजपुरवठ्याच्या) बाजूचा भाग आणि माणूस हात लावतो तो भाग यांच्यातली मोकळी जागा सुरक्षिततेसाठी असते. ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकप्लर किंवा आयसोलेटर अशा, दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या (आयसोलेशन) भागांच्या पोटाखाली तांबं नसणं हे मुद्दाम असतं. तिच्यावर पट्टी तर सोडाच, साधा कपॅसिटरही लावायचा नाही.

तपासणी ७: जवळच्या क्षेत्राचा प्रोब

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर कोअ‍ॅक्स केबलच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा एकच वेढा करा: आतली तार वळवून बाहेरच्या जाळीला जोडा. त्यावर इन्सुलेशन चढवा, नाहीतर बोर्डावर शॉर्ट व्हायचं. दुसरं टोक स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला किंवा एफएफटी (सिग्नलची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) असलेल्या स्कोपला. वेढा बोर्डाला काटकोनात धरून ट्रेसच्या बाजूने सरकवा, मग ९० अंशात फिरवून पुन्हा. ज्या फ्रिक्वेन्सीवर चाचणी नापास झाली तीच निवडा आणि ती कुठे सर्वात जोरात आहे ते बघा.

सुदृढ ट्रेसवर क्षेत्र ट्रेसच्या अंगालगत असतं आणि बाजूला झालं की लगेच विरतं. खाचेवर मात्र ते खाचेच्या पूर्ण लांबीवर पसरलेलं सापडतं, जिथे वर एकही ट्रेस नाही अशा जागीही. वेढ्याचे आकडे चाचणीच्या मर्यादेशी जुळवायला जाऊ नका. तो जागा दाखवतो, निकाल देत नाही.

तपासणी ८: नवीन मांडणी

सगळ्यात महाग, म्हणून शेवटी. दोन लेअरच्या बोर्डावर ठिगळं लावत बसण्यापेक्षा चार लेअर घ्या आणि दुसरा लेअर पूर्ण, अखंड, एकही ट्रेस नसलेला ग्राउंड ठेवा. वेगवान काम दोन्ही बाहेरच्या लेअरवर असेल तर मला दुसरा आणि तिसरा दोन्ही ग्राउंड आणि पॉवर बाहेरच्या लेअरवर रुंद ट्रेसने, ही रचना जास्त आवडते. व्हायाशेजारी व्हाया देऊन काम भागतं. ट्रेस आणि प्लेनमधलं अंतर बोर्ड बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, गृहीत धरू नका. आणि ट्रेस काढण्याआधी प्लेन काढा; उलट क्रमाने केलं की प्लेनला उरलेली जागा मिळते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मेन्सला जोडलेल्या, आयसोलेशन नसलेल्या बोर्डावर साध्या स्कोपचं ग्राउंड लावायचं असेल तर तिथेच थांबा. ते ग्राउंड अर्थिंगला जोडलेलं असतं. बोर्ड जाईल, स्कोप जाईल आणि जीवही जाऊ शकतो. आयसोलेशनच्या दोन बाजूंमध्ये कपॅसिटर लागणार असं वाटत असेल, तर त्यासाठी वाय वर्गाचे खास प्रमाणित कपॅसिटर असतात आणि त्यातून गळणाऱ्या करंटला मर्यादा असते. तो निर्णय सुरक्षिततेच्या मानकांवर काम करणाऱ्या इंजिनिअरचा. रुग्णाला जोडलं जाणारं उपकरण असेल तर पहिल्या तपासणीच्या पुढे स्वतः काही बदलू नका.

डीडीआर (वेगवान) मेमरी, बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली) चिप, सहा-आठ लेअर, गिगाबिटच्या ओळी: इथे बोट फिरवून निदान होत नाही. फील्ड सॉल्व्हरने (क्षेत्रांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरने) सिम्युलेशन आणि टीडीआरने (ट्रेसमध्ये पल्स पाठवून परावर्तन मोजणाऱ्या उपकरणाने) मोजमाप लागतं, आणि ते रोज करणारा माणूस लागतो. अधिकृत प्रयोगशाळेत उत्सर्जनाची चाचणी नापास झाली, तुम्ही कडा मवाळ केल्या, केबल तपासल्या, एक पूल बांधून बघितला आणि तरी टोक जागचं हललं नाही, तर तिसरा-चौथा अंदाज घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ नका. तिथला प्रत्येक फेरा सल्लागाराच्या फीपेक्षा महाग पडण्याची शक्यता असते.

त्याच्याकडे जाताना गर्बर, लेअरची जाडी दाखवणारा स्टॅकअप, वेगवान ओळींची यादी आणि त्यांचा मोजलेला राइज टाइम, प्रोब कसा लावला होता त्याचे फोटो आणि कोणत्या प्रयोगाने काय बदललं, काय बदललं नाही याची नोंद घेऊन जा. ‘काही फरक पडला नाही’ ही ओळही लिहा. तो बहुधा आधी तीच वाचेल.